परदेशातून आलेली आजी

तहसील कचेरीतला हा कारकून बोलतो कमी आणि कागदांना टाचण्या जास्त लावतो. एकदा लिहिलेला शब्द तो कधी खोडत नाही. सरकारी कागदावर खाडाखोड म्हणजे त्याच्या लेखी दरोडाच! करोनाच्या टाळेबंदीत त्याला पोलादपूरच्या नाक्यावर बसवलं आणि हातात दिला विमानतळावरच्या प्रवाशांसाठी काढलेला फॉर्म. आमच्याकडे विमान मान वर करून बघायचं असतं, पण हा प्रत्येकाला गंभीरपणे विचारायचा, "परदेश प्रवास?"

एकदा रांगेत माझ्यापुढे कुडपणची एक आजी होती. तिची लेक महाडच्या दवाखान्यात बाळंत व्हायची होती.

"परदेश प्रवास?"

"जाऊन आले ना रे, पोराकडं. मुंबयला."

पहिल्या दोन शब्दांवरच त्याने "होय" लिहून टाकलं होतं! आणि परदेशातून आलेल्याला चौदा दिवस गावच्या शाळेत अलग ठेवायचा हुकूम होता. आजी रडकुंडीला आली. "अरं, पोरीजवळ कोण नाय रे!"

मी म्हटलं, "भाऊसाहेब, खोडा की तो शब्द."

साथ मीच आणल्यासारखं त्याने माझ्याकडे पाहिलं. मग आजीला विचारलं, "परत कधी आलात?"

"शिमग्याच्या आदी."

त्याने बोटांवर दिवस मोजले. देशाच्या रकान्यात सुवाच्य अक्षरात "मुंबई" लिहिलं, "चौदा दिवस पूर्ण" अशी नोंद केली, सही ठोकली आणि महाडकडे निघालेला भाजीचा टेम्पो थांबवून आजीला पुढे बसवलं.

"हसताय काय?" तो मला म्हणाला. "नियमात बसतंय."