अण्णांनी पडदी म्हटलेली भिंत

आमचे वडील राघो मिस्तरी. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. मूळचे साक्री तालुक्यातले. सुरतेत बमरोलीला राहायला आले तेव्हा गल्लीतली सगळी माणसं मिलमध्ये जाणारी. अण्णांनाही मागावर घ्यायला तयार होते. पण त्या आवाजात देवाचं नाव मनात टिकत नाही म्हणाले आणि विटांच्या कामाला लागले. गल्लीतल्या निम्म्या खोल्या त्यांच्या हातच्या आहेत. सहीपुरतं लिहिता यायचं, नकाशा वाचता यायचा नाही. भिंतीवर तळहाताने थाप मारायची, वर बघायचं आणि भिंत कशी आहे ते सांगायचं. ते कधी चुकल्याचं कोणाला आठवत नव्हतं.

प्लेग आला त्याच्या पुढच्या वर्षी कतारगामच्या बाजूला रेवाशंकर विद्यापीठात त्यांना काम मिळालं. जुन्या इमारतीतल्या दोन खोल्यांमधली भिंत काढून मुलांना अभ्यासाला एक मोठी खोली करायची होती. तिथला नियम असा की रंग, फरशी किंवा नुसत्या आडोशाची पडदी भिंत काढणं, असली कामं ऑफिसने आपली आपण करावीत. पण छताचं वजन घेणाऱ्या भिंतीला हात लावायचा तर परवाना असलेल्या इंजिनिअरचा नकाशा आणि सही पाहिजे. त्यात दोन-तीन महिने जायचे आणि परीक्षा तर तोंडावर आलेल्या. सुपरवायझर ललितभाई माणूस वाईट नव्हता. त्याने भिंतीजवळ उभं राहून अण्णांना विचारलं, "मिस्तरी, तमे कहो. आना पर वजन छे, के खाली पडदी छे?" म्हणजे हिच्यावर वजन आहे, की नुसती पडदी आहे?

अण्णांनी थाप मारली. बाहेर व्हरांड्याला खांब होते, तेही बघितले. आमच्याकडची धाब्याची, म्हणजे मातीच्या सपाट छताची घरं लाकडी खांबांवर उभी असतात, भिंत फक्त आडोशाला. अण्णा लहान असताना पुरात त्यांच्या घराच्या दोन भिंती वाहून गेल्या, आणि वरचं धाबं जसंच्या तसं राहिलं. तेच त्यांच्या डोक्यात. ते म्हणाले, "पडदीच आहे."

इंजिनिअरला बोलवायचं राहिलं ते तिथेच.

त्या दिवशी जेवताना अण्णा खुशीत होते. एवढं मोठं विद्यापीठ, आणि विचारलं कोणाला तर मला, असं आईला दोनदा सांगितलं. आई म्हणाली, मग आता खुर्चीवर बसूनच जेवा.

चौथ्या दिवशी भिंत अर्धी उतरली आणि वरचं छत खाली आलं. व्हरांड्याचे खांब व्हरांड्यापुरतेच होते. अण्णा बाहेर माल कालवत होते म्हणून वाचले. आत धुरपदाबाई पाटीत विटा भरत होती. ती अण्णांच्याच गावची, आमच्या समोरच्या खोलीत राहायची, नवरा नव्हता. अण्णांनीच तिला कामाला नेलं होतं. कमरेखाली ती चेंगरली. चार महिने दवाखान्यात काढून घरी आली ती काठीवर, आणि तीही दारापर्यंतच. तिचा निंबा तेव्हा एकोणीस वर्षांचा, हाताला काम नव्हतं.

मग चौकशी बसली. कामगारांचे पुढारी बळीरामतात्या अण्णांना येऊन भेटले. म्हणाले, जबाबात एवढंच सांगायचं की मला कोणी काही विचारलं नाही, भिंत काढ म्हणाले, मी काढली. म्हणजे चूक ऑफिसची ठरते आणि निंबाला तिथे शिपाई म्हणून घ्यावं लागतं. "तुम्ही खोटं बोलत नाही मिस्तरी, तुम्ही त्या बाईला उभं करताय," असं त्यांनी समजावलं. गल्लीतला प्रत्येक जण तेच म्हणत होता. आईसुद्धा. धुरपदाबाई नुसती अण्णांकडे बघत राहायची.

जबाब गुजरातीत लिहिणार होते, म्हणून वाचून दाखवायला अण्णांनी मला, गुजराती शाळेत शिकलेल्या मुलीला, बरोबर नेलं. रस्ताभर ते माझ्यापुढे झपाझप चालत होते. मला वाटलं, तात्या म्हणाले तेच सांगायचं ठरलंय त्यांचं. चौकशीला एक इंजिनिअर बसले होते. त्यांनी सरळ विचारलं, ही पडदी आहे असं कोणी ठरवलं? ललितभाई खाली बघत होता. त्यालाही घरी मुलं होती.

अण्णा म्हणाले, "मी."

इंजिनिअरने पेन खाली ठेवलं. "तुम्हाला विचारायलाच नको होतं, मिस्तरी. ते सांगणं तुमचं काम नव्हतं."

"पण विचारलं, साहेब. आणि मला माहीत नाही, असं मी म्हणालो नाही."

लिहिलेलं मी वाचून दाखवलं, अण्णांनी सही केली. अहवालात एकच ओळ आली, की मिस्तरीने चुकीची माहिती दिल्यामुळे छत पडलं. इंजिनिअर तोंडाने जे बोलले ते कागदावर कुठे नव्हतं. ललितभाईची बदली झाली. निंबाला काही मिळालं नाही, तो मागावर लागला.

जबाब देऊन आलो तेव्हा अण्णा घरात न येता आधी समोर गेले आणि उंबऱ्याशी बसून सगळं स्वतःच्या तोंडाने सांगितलं. धुरपदाबाईने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तू खरं बोलना, भाऊ. मना पोऱ्याले काय भेटनं?"

आपण खरं बोललो, पण तिच्या पोराला काय मिळालं, हाच प्रश्न घेऊन अण्णा उंबऱ्यावरून उठले.

त्यानंतर त्यांनी थापी धरली नाही. दुसऱ्या मिस्तरींच्या हाताखाली पाट्या वाहिल्या, चार वर्षं. भिंतीचं कोणी विचारलं तर तिथून उठून जायचे. सणाला आई समोर ताट पाठवायची, ते घेतलं जायचं, पण धुरपदाबाई अण्णांशी पुन्हा बोलली नाही. अण्णा गेले तेव्हा ती तिच्या ओट्यावर बसून होती. आली नाही.

संध्याकाळी दिवा लावते तेव्हा अण्णांचं आणि धुरपदाबाईचं, दोघांची नावं घेते. अण्णा खरं बोलले म्हणून देवाचे आभार मानावेत असं मनात येतं, तेवढ्यात समोरच्या खोलीतून तिची काठी टेकल्याचा आवाज येतो, आणि मी नुसतीच हात जोडून उभी राहते.