साध्या कपड्यातला पाहुणा

आज मी रॉकेटच्या इंजिनातले व्हॉल्व्ह तपासते. माझी सही झाल्याशिवाय इंजिन जागचं हलत नाही, हे सांगताना मला अजून गुदगुल्या होतात. पण ही नोकरी आमच्या गल्लीने, निव्वळ प्रेमापोटी, जवळजवळ घालवली होती.

निवड झाल्याचं पत्र आलं आणि मी आठवडाभर जमिनीवर नव्हते. आमच्या वऱ्हाडी मालेगावच्या बाजारात वांगी निवडताना उगाच हसायचे. अट एकच उरली होती, पोलिसांची चारित्र्य पडताळणी. तिच्यात काही खोट निघाली तर सगळं मुसळ केरात.

आई मात्र गल्लीभर सांगत सुटली होती, "पोट्टीचे हात पिवळे झाले म्हंजे मी सुटली." त्या रागात मी तिच्याशी बोलणंच टाकलं होतं.

एका दुपारी साध्या कपड्यातला एक माणूस काखेत फाइल घेऊन मोटारसायकलवरून उतरला आणि माझी चौकशी करू लागला. पोरगी कशी, वागणं कसं, घरचे लोक कसे. आमच्याकडे हे असं विचारत कोण फिरतं? स्थळ घेऊन आलेला माणूस. गल्ली लगेच कामाला लागली. पानठेल्यावरच्या चाचांनी सांगितलं, पोरगी घराबाहेर पाऊल टाकत नाही. मी चार वर्षं पुण्याच्या हॉस्टेलात काढली होती. शेजारच्या काकूंनी तर कळस केला. "नोकरीचं काई टेन्शन घेऊ नका. तुमी म्हनसान तर उद्या सोडते."

वर त्याच त्याला आमच्या दारापर्यंत घेऊन आल्या. मी आतल्या खोलीत दाराला कान लावून उभी होते. आता आई पोहे करणार, मला साडी नेसायला लावणार, या विचाराने माझं डोकं तापलं होतं.

आईने त्याला बसासुद्धा म्हटलं नाही.

"आमाले पोट्टी द्याची नाई," ती म्हणाली. "तिले रॉकेट बनवाचं हाये. तुमी दुसरं घर पाहा."

"बाई, मी ठाण्यातून आलो," तो म्हणाला. "पोलीस हाव मी."

काकूंनी पदर तोंडात कोंबला. मी बाहेर आले. नोकरी गेली असंच मी धरून चालले होते. त्याने फाइल उघडून गंभीरपणे वाचलं: घराबाहेर पडत नाही, नोकरी सोडायला तयार. मग आईकडे पाहिलं.

"यातलं काय लिहू मी?"

"थे सारं खोडा," आई म्हणाली. "मायनं सांगतलं तेच लिहा."

आधी तो हसला, मग काकू, मग मी. हसता हसता मी ओट्यावरच बसले. त्याने नवीन पान काढलं, आईचं ऐकून लिहिलं आणि चहा पिऊन, जयभीम करून गेला.

कपबशा विसळताना मी आईला छेडलं, "तू तं माह्यं लगन लावाले निंगाली होती ना?"

"ते लोकाईच्या तोंडासाठी," ती म्हणाली. "खरोखरचे दोन स्थळं येऊन गेले. दोघाईले दारातूनच वापस केलं."

"मंग मले काहून नाई सांगतलं?"

"तवा तुही नोकरीची परीक्षा चालू होती."