क्लिपचा गंज

मला आवरायची खोड आहे. पसारा दिसला की हात शिवशिवतात. आमचे हे म्हणतात, "ही स्वर्गात गेली तर आधी ढगांच्या घड्या घालून ठेवेल." लेकीच्या खोलीत मी पाऊल टाकलं की ती ओरडते, "आई, प्लीज, डोन्ट टच एनीथिंग!" कारण मी आवरलं की तिला तिचं काही सापडत नाही. मी म्हणते, जागेवर ठेवलंय, शोध. ती म्हणते, तुझ्या जागेवर, माझ्या नाही. या बोलण्यात काही तथ्य असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

नागपूरला कॉलेजच्या लायब्ररीत मी सहा वर्षं नोकरी केली. मग लग्न, मग अमेरिकेतलं हर्नडन. यांच्या व्हिसावर आले आणि त्या व्हिसावर मला काम करायची परवानगी नव्हती, म्हणून बारा वर्षं घरातले मसाल्याचे डबे लेबलं लावून रांगेत ठेवले. ग्रीन कार्ड हातात आलं तोवर चाळिशी उलटलेली. तेव्हा कुठे घरापासून वीस मिनिटांवरच्या एका अर्काइव्हमध्ये, म्हणजे जुनी कागदपत्रं जपून ठेवतात तिथे, अर्ध्या वेळेची नोकरी मिळाली. पहिल्या दिवशी डब्यात पोळीभाजी घेऊन निघाले तर डोळ्यांत पाणी. हे म्हणाले, "अगं, ऑफिसला चाललीस, सासरी नाही." मी म्हटलं, तुम्ही गप्प बसा.

तिथे एका आर्ट गॅलरीचे कागद आले होते. वॉशिंग्टनमधली आधुनिक चित्रांची गॅलरी, एका बाईंनी एकटीनं चालवलेली, आता बंद झालेली. चित्रं गेली, कागद उरले. चित्रकारांची पत्रं, बाईंनी पाठवलेल्या उत्तरांच्या कार्बन कॉप्या, आमंत्रणं, कुठलं चित्र कुठल्या भिंतीवर लावायचं त्याच्या पेन्सिलीनं काढलेल्या आकृत्या, फोटो. साठेक खोकी असतील. एका फोटोत भिंतभर नुसता पिवळा चौकोन होता. बापा, म्हटलं, हे बघायला लोक पार्किंग शोधत यायचे? पण रोज बघून बघून महिन्याभरात तो चौकोन मला आवडायला लागला, हेही कबूल केलं पाहिजे.

गॅलरीवाल्या बाई हयात होत्या. ऐंशी ओलांडलेल्या, ताठ कण्याच्या, कानांत चांदीचे मोठे डूल. मनातल्या मनात मी त्यांना आजी म्हणायचे. तोंडावर म्हटलं असतं तर त्यांनी मला हाकलून दिलं असतं. त्या वृद्धांसाठीच्या निवासात राहायच्या आणि दर गुरुवारी दुपारी तिथली गाडी त्यांना आमच्याकडे सोडायची. आठवणी विरत चालल्या होत्या. तीस वर्षांपूर्वीच्या भिंतीचा रंग सांगायच्या, पण आज जेवलो की नाही ते आठवायचं नाही. दर गुरुवारी खुर्चीत टेकायच्या आधी त्यांचा एकच प्रश्न असायचा, "माझं उत्तर सापडलं का?"

उत्तर एका चित्रकार बाईला पाठवलेलं. ती इथल्याच डोंगराकडच्या एका गावात राहायची. तरुण होती आणि मोठ्या आजारात सापडली होती. तिनं आजींना लिहिलं होतं की मला उभं राहता येतंय तोवर एकदा तुझ्या भिंतीवर माझी चित्रं लाव. पुढच्या हिवाळ्यात ती गेली.

"तिचं पत्र मला दिसतं," आजी म्हणायच्या. आमचं बोलणं अर्थात इंग्रजीत, मी आपलं माझ्या भाषेत सांगतेय. "निळी शाई होती. पण मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. दिलं तरी का, देव जाणे. फार घमेंड होती गं मला तेव्हा." एकदा माझा हात धरून म्हणाल्या, "डोकं रिकामं होत जाणार, डॉक्टरांनी सांगितलंय. होऊ दे. पण एवढं कळून रिकामं झालं तर बरं." माझी आईही शेवटी शेवटी माझा हात अशीच धरायची.

पत्रव्यवहाराची खोकी अजून उघडली नव्हती. आमच्या मुख्य बाईंनी, त्याही अमेरिकन, मला काम शिकवलं होतं. जुन्या लोखंडी क्लिपा गंजतात, त्या काढायच्या. मात्र एका क्लिपेत जे कागद होते ते एका पांढऱ्या कागदाच्या घडीत एकत्रच ठेवायचे. क्रम बदलायचा नाही. "आपण लावायचं नाही," त्या म्हणाल्या, "ज्यानं लावलंय त्याचं फक्त जपायचं." मी मान डोलावली. मग त्या दोन आठवड्यांच्या सुट्टीवर गेल्या आणि त्याच आठवड्यात मी पत्रांचं पहिलं खोकं उघडलं.

अगं बाई, काय तो गोंधळ! चौऱ्याऐंशीचं पत्र, त्याच्यामागे शहात्तरचं, मध्येच पोस्टकार्ड, कशाला कशाचा पत्ता नाही. माझ्यातली लायब्ररीवाली जागी झाली. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात ते खोटं नाही. क्लिपा काढल्या. घडी-बिडी काही केली नाही. आलेली पत्रं तारखेनं लावली. आजींच्या कार्बन कॉप्यांवर तारीखच नव्हती, नुसता वार, आणि सगळ्यांना एकच मायना, "माय डिअर". त्यांचा वेगळा गठ्ठा केला. पोस्टकार्डं तिसऱ्या डब्यात. दहा दिवस मान मोडून काम केलं. निळ्या शाईचं पत्रही सापडलं, ते मी आनंदानं बाजूला काढून ठेवलं. बाई परत आल्यावर कौतुक करतील म्हणून त्या दिवशी बेसनाचे लाडूसुद्धा नेले होते.

बाईंनी डबे पाहिले. ओरडल्या नाहीत, ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. खुर्चीत बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "कुठलं उत्तर कुठल्या पत्राचं, ते फक्त क्लिपेला माहीत होतं."

तीनशेहून जास्त उत्तरं, सगळी "माय डिअर". आजींना सगळं विसरायच्या आत एक गोष्ट कळायला हवी होती आणि ती मी आवरून टाकली होती. लाडवांचा डबा तसाच घरी आणला. यांनी विचारलं, "काय, आवडले नाहीत वाटतं?" तर मी उगाच त्यांच्यावरच डाफरले. मग स्वयंपाकघरात जाऊन रडले. पुढच्या गुरुवारी आजींनी विचारलं तेव्हा बाईच म्हणाल्या, "शोधतोय." मला मान वर करवली नाही.

शनिवारी आईच्या पत्रांची पेटी काढली. मन थाऱ्यावर नसलं की मी ती काढते. नवीन नवीन इथे आले तेव्हा आई दर महिन्याला लिहायची आणि पत्राला टाचणीनं अंगाऱ्याची पुडी लावायची. टाचण्या केव्हाच पडून गेल्यात, पण प्रत्येक पत्रावर गंजाची तांबूस रेघ राहिली आहे आणि पुडीवरही तशीच. मी एक पुडी उचलून पत्रावर ठेवली. रेघेला रेघ तंतोतंत जुळली. मी इतक्या जोरात "अहो!" म्हणून ओरडले की हे दाढीचा फेस तसाच घेऊन धावत आले.

सोमवारी बाईंना दाखवलं. क्लिप कुणी तिरकी लावतं, कुणी सरळ. एक कडेला टेकलेली, एक बोटभर आत. प्रत्येकीचा गंज आपापल्या जागी उमटलेला. बाईंनी भिंग घेतलं, दोन कागद उजेडात धरले आणि पहिल्यांदा हसल्या. "कर," म्हणाल्या. त्या दिवसापासून मी रोज कागदाला कागद लावून बघत बसले. डोळे चुरचुरायचे. देवा, आजींचा प्रश्न पुसला जायच्या आत सापडू दे, एवढंच म्हणायचे. मधल्या गुरुवारी त्या आल्या तेव्हा त्यांना विचारायला जरा वेळ लागला. ओठ हलले, थांबले, मग म्हणाल्या, "माझं... उत्तर."

बुधवारी जुळलं. निळ्या शाईच्या पत्रावर डाव्या कोपऱ्यात तिरका गंज होता आणि एका कॉपीवर अगदी तसाच. वाचलं.

"माय डिअर, पुढची दोन वर्षं भिंती भरलेल्या आहेत. दिलगीर आहे."

बस्स. खाली वार, गुरुवार.

मला इतका राग आला म्हणून सांगू! दोन ओळी? मरणाऱ्या मैत्रिणीला? मग वाटलं, हे दाखवायचंच नाही, सापडलं नाही म्हणून सांगायचं. बाईंना तसं बोललेही. त्या म्हणाल्या, "कागद तिचे आहेत. लपवणारे आपण कोण?" मी घुश्शात कॉपी टेबलावर पालथी टाकली आणि तिच्या पाठीकडे लक्ष गेलं. तो शेवटचा कागद असता तर पाठीवर क्लिपेच्या तारेची ठसठशीत खूण हवी होती, पण तिथेही नुसता झिरपलेला फिकट डाग होता. म्हणजे क्लिपेत दोन नव्हे, तीन कागद होते. उत्तराच्या मागे आणखी काहीतरी होतं आणि ते मीच कुठेतरी ठेवलं होतं.

पत्रांत नाही, कॉप्यांत नाही. गुरुवारी सकाळपासून पोस्टकार्डांचा डबा घेऊन बसले. जेवले नाही. दोन वाजता दारात गाडीचा आवाज आला आणि तेव्हाच हाताला कार्ड लागलं. तिकीट नाही, शिक्का नाही, पाकिटातून आलं असावं. डाव्या कोपऱ्यात तिरका गंज. शाई निळी. मी वाचलं आणि तिन्ही कागद घेऊन उठले.

आजींपुढे तिन्ही कागद होते त्या क्रमानं ठेवले. पहिलं वाचताना त्यांचं बोट ओळींवरून फिरत राहिलं. दुसरं वाचलं आणि चेहरा विझला. "मला वाटलंच होतं," त्या म्हणाल्या. "अशीच होते मी." डूल काढून टेबलावर ठेवले, जणू आता ते घालायचा त्यांना हक्क नव्हता. मला राहवलं नाही. म्हटलं, "आजी, अजून एक आहे." हो, तोंडातून आजीच निघालं. कार्ड त्यांच्या हातात दिलं.

"सोमवारी तुझा नकार मिळाला. मंगळवारी तू स्वतः गाडी घेऊन दारात आलीस आणि न विचारता माझी चित्रं भरायला लागलीस. यातल्या कुठल्या तुला उत्तर देऊ? ते राहिलंच होतं, म्हणून आज लिहितेय. खिडकीशेजारची भिंत सुंदर होती. आणि उद्घाटनाला मी पूर्ण वेळ उभी होते. पाहिलंस ना?"

आजींनी कार्ड दोनदा वाचलं. मग एकदम म्हणाल्या, "डिकी बंद होईना. दोरीनं बांधली आम्ही." आणि हसायला लागल्या, हसता हसता रडायला लागल्या. "पाहिलं होतं," त्या कार्डाला सांगत होत्या, "पाहिलं होतं गं." मीही रडत होते. बाई काचेपलीकडे उभ्या राहून नाक पुसत होत्या.

माझा जीव भांड्यात पडला, काम झालं असं वाटलं. पुढच्या गुरुवारी आजी आल्या, टेकायच्या आधी म्हणाल्या, "माझं उत्तर सापडलं का?"

मी पुन्हा तिन्ही कागद क्रमानं ठेवले. पुन्हा दुसऱ्या कागदाशी चेहरा विझला, पुन्हा डूल निघाले. अर्धंच मिनिट, पण ते अर्धं मिनिट मला बघवेना. बाईंचा नियम मला आता पाठ आहे. जगातला कुठलाही कागद मी जागचा हलवणार नाही, लेकीच्या खोलीतलासुद्धा. आजी गेल्या की तिन्ही कागद होते तसे लावते, आधी पत्र, मग नकार, मग कार्ड, आणि घडीत ठेवून देते. पण गुरुवारी त्या खुर्चीत बसतात तेव्हा मी त्यांच्या हातात सगळ्यात आधी ते कार्ड देते.