पंधरा आणि एकशे पंचावन्न

एकशे पंचावन्न हे पंधराच्या दहापटीहून जास्त असतं, असं तुम्ही डोळे झाकून म्हणाल का? आमच्या कंपनीत सहा जणांनी म्हटलं आणि खाली सह्या केल्या. सहावी सही माझी होती.

हिंजवडीत कंपन्यांच्या काचा चढत होत्या, तेव्हाची गोष्ट. मी धायरीहून स्वारगेटला आणि तिथून कंपनीच्या बसने कामाला जायची. आमच्या ग्राहकाकडे कामगारांच्या सेवानोंदी होत्या. बंद पडलेल्या कारखान्यांची जुनी सेवापुस्तकं स्कॅन करून टेपवर चढवली होती आणि कागद रद्दीत गेला होता. आता टेपवरचं सगळं फायबरच्या लाइनवरून दुसऱ्या शहरातल्या नव्या यंत्रात पाठवायचं होतं. चाळीस टेप होत्या. एकोणतीस टेपांची डिस्कवर दुसरी प्रत होती, पण पहिल्या अकरांची नव्हती. बंद कारखान्यांतली माणसं त्या अकरांत होती. कुणी किती वर्षं काम केलं, हे सांगणारी दुसरी जागा उरली नव्हती. टेप वाचणारं दहा ड्राइव्हचं यंत्र भाड्याचं होतं आणि रविवारी सकाळी दहाला त्याचा मालक ते उचलून नेणार होता.

टीम लीडने तक्ता केला होता. टेप वाचणाऱ्या एका ड्राइव्हचा वेग पंधरा, लाइनचा एकशे पंचावन्न. म्हणजे दहा ड्राइव्ह एकदम लावले तरी लाइनला जागा उरते आणि शनिवारी संध्याकाळी सगळे घरी.

शुक्रवारी दुपारी मी तो तक्ता पुन्हा वाचला. टेपचे सेकंदाला पंधरा मेगाबाइट होते, लाइनचे एकशे पंचावन्न मेगाबिट. एका बाइटमध्ये आठ बिट. पंधरा गुणिले आठ, एकशे वीस. एकच ड्राइव्ह लाइन जवळजवळ भरून टाकत होता. दहांना बाराशे लागणार होते.

मी तक्ता घेऊन लीडकडे गेले.

"सर, हे दोन आकडे एका मापात नाहीत. आठने गुणायला हवं."

"तक्ता ग्राहकाला गेलाय," तो स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाला. "पाच सीनियर लोकांनी बघितलाय. आपण त्यांचेही पेपर तपासणार का?"

"पण गुणाकार चुकलाय."

"अहो बाई, गुणाकार केलाच नाही, तर चुकेल कसा?" शेजारचे दोघे हसले. "तुमच्या घरी पत्रकं निघतात ना? आमच्याकडे प्रोजेक्ट निघतात. सही करा, बस चुकेल."

माझ्या वडिलांच्या युनियनची पत्रकं आमच्याच घरी घडी व्हायची, हे मीच कधीतरी जेवताना सांगितलं होतं. वडील प्रत्येक पत्रकातला आकडा छापण्याआधी तीनदा तपासायचे. एक आकडा चुकला की मालक उरलेलं पत्रक वाचत नाही, असं म्हणायचे. हे सगळं मला पाठ होतं. पण पुढच्या महिन्यात माझं नोकरीचं कन्फर्मेशन होतं. तपासणाऱ्यांच्या यादीत माझी जागा रिकामी होती. मी सही केली. एकदम स्वच्छ सही आली.

शनिवारी सकाळी साडेनऊला काम सुरू झालं. टेप लावणारे काका मांजरीहून यायचे. जेमतेम दहावी शिकलेले, पण असल्या यंत्रांजवळ बारा वर्षं काढलेली. त्यांनी क्रमाने पहिल्या दहा टेप दहा ड्राइव्हमध्ये घातल्या. म्हणजे नेमक्या त्याच, ज्यांची प्रत नव्हती.

पाच मिनिटांत काकांनी कान यंत्राला लावला.

"पोरी, हे काय चाललंय? टेप पुढं जातीय, थांबतीय, मागं येतीय."

लाइन माल उचलत नव्हती. ड्राइव्हला थांबावं लागत होतं आणि पुन्हा वेग धरण्यासाठी टेप मागे घ्यावी लागत होती. दहाही ड्राइव्हमधून खर्र, टक, खर्र असा आवाज येत होता.

"असंच चाललं तर?" मी विचारलं.

"जुनी टेप हाय. घासून घासून जाईल." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "हे तुला ठाव होतं का?"

मी फोन उचलला.

मी लीडला बोलावलं. तो आला, स्क्रीन बघितली, म्हणाला, "सुरुवातीला होतं असं. सेटल होऊ द्या." अर्धा तास गेला. तास गेला. आवाज तसाच. मी काकांच्या लॉगबुकाचं पान फाडलं, त्यावर पंधरा, आठ आणि एकशे वीस लिहिलं आणि लीडच्या हातात पेन दिलं.

"दहा ड्राइव्हचं तुम्ही लिहा, सर. मी सही केली तेव्हा लिहायला हवं होतं. केलं नाही."

त्याने बाराशे लिहिलं. त्याखाली एकशे पंचावन्न लिहिलं. मग काकांना म्हणाला, "नऊ बंद करा."

तेव्हा अकरा वाजले होते. दीड तास त्या टेप मागेपुढे घासल्या होत्या.

पुढे एका वेळी एकच ड्राइव्ह चालला, प्रत्येक टेपला दोन तासांच्या आत-बाहेर. रविवारी उजाडलं तेव्हा अकरापैकी नऊ पोचल्या होत्या. चौथी आणि सातवी वाचल्याच जाईनात. काकांनी ड्राइव्ह साफ केला, दुसऱ्यात घालून बघितल्या, तिसऱ्यात घातल्या. दहाला माणसं यंत्र न्यायला आली. काका म्हणाले, "अजून एकदा बघू द्या." त्या माणसांनी प्लग काढला.

उरलेल्या एकोणतीस टेपांच्या प्रतींवरून काम आठवडाभरात निवांत झालं. अहवालात ‘दोन टेप आधीपासून खराब’ असं आलं. माझं कन्फर्मेशन झालं. मी ग्राहकाला पत्र लिहून खरं कारण कळवलं, दोन महिने उशिरा आणि राजीनामा देऊन झाल्यावर. उत्तर आलं नाही. त्या दोन टेपांत कोणाची किती वर्षं होती, हे मला आजही माहीत नाही. त्या कामगारांना तर त्या टेप होत्या हेही माहीत नसेल.

म्हणून तुम्हाला एक काम सांगते. तुमच्या टेबलावर आत्ता एखादा तक्ता सहीसाठी पडला असेल. त्यातले दोन आकडे एका मापात आणा, गुणाकार स्वतः करा. चुकलेला निघाला तर त्याच कागदावर लिहा आणि सही न करता परत पाठवा. काम सुरू व्हायच्या आधी पाठवा.