काडीमोड

माझे व्याही धातूच्या कारखान्यात इंजिनिअर आहेत. परवा त्यांनी मला गावाबाहेरच्या खाणीत नेले. पोलादाच्या जाड पत्र्यावर थोडी फट ठेवून अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा मांडला होता आणि त्यावर स्फोटाची दारू पसरली होती. एरवी न जुळणारे हे दोन धातू धमाक्याच्या दाबाने एकजीव होतात, म्हणे. तयारी लग्नाइतकीच गंभीर होती. फक्त भाषणे नव्हती.

धमाका झाला. कामगाराने पत्र्यावर हातोडीने ठोकून पाहिले. आवाज खणखणीत आला.

"सोयरीक जमली, साहेब!"

कोपऱ्याशी मात्र आवाज बद्द आला. "इथं काडीमोड," म्हणून तो हसला. आम्ही दोघे हसलो नाही.

त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक? गेल्या वर्षी आमचा नातू तापाने गेला. दुःख माणसांना जवळ आणते, असे भेटायला येणारा प्रत्येकजण चेहरा लांब करून सांगून गेला. माझी मुलगी आणि त्यांचा मुलगा आता घटस्फोट घेत आहेत.

"का हो, असं का होतं?" मी विचारले.

"दारू तीच, फट तेवढीच," व्याही पत्र्याकडे पाहत म्हणाले. "पण कधीकधी नुसताच स्फोट होतो."