बर्फातलं विरजण

आमच्या गावात बर्फ पडत नाही, हे इथले लोक फार अभिमानाने सांगतात. इंग्लंडच्या नैर्ऋत्येला, डेव्हनच्या किनाऱ्यावर आमचं गाव. समुद्राकाठच्या रस्त्यावर ओळीने ताडासारखी झाडं लावली आहेत. ती इथे जगतात म्हणजे इथली हवा उबदार, हा गावकऱ्यांचा पुरावा. आईला ती झाडं पहिल्यांदा दाखवली तेव्हा ती मान वर करून बघत राहिली आणि म्हणाली, "झावळ्या आहेत, पण नारळ कुठायत? नुसताच तोरा." आई गुहागरजवळच्या खेड्यातली. नारळाच्या बाबतीत तिला कुणी फसवू शकत नाही.

बाबा गेल्यानंतर ती माझ्याकडे व्हिसाची मुदत असेल तेवढं राहायला आली होती. नवरा इथल्या हॉस्पिटलात डॉक्टर, मी औषधांच्या दुकानात कामाला, त्यामुळे दिवसभर ती घरात एकटीच असायची. एकदा मेथी निवडता निवडता ती सहज म्हणाली, "ही माझी शेवटची खेप गो. गुडघे नाही म्हणतात. आता परत एवढं विमानात बसवायचं नाही माझ्याच्याने." मी ऐकलंच नाही असं दाखवलं आणि नळ सोडला. पण त्या दिवसापासून मी चिडलेली होते. तिच्यावर, तिच्या गुडघ्यांवर, त्या व्हिसावर, सगळ्यांवर.

ती निघायची त्या सकाळी टीव्हीवर वादळाचे इशारे चालले होते. गावात कुणी मनावर घेतलं नव्हतं. नवरा ड्यूटीवर गेला होता आणि आईला विमानतळावर मी सोडणार होते. दारात मी तिच्या हातावर दही घातलं. आमच्याकडे परीक्षेला निघा, मुलाखतीला निघा, परदेशी निघा, हातावर दही घेतल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. काम फत्ते व्हावं आणि माणूस सुखरूप परत यावं म्हणून. दही घालताना माझ्या मनात एकच होतं, की हिला परत येऊ दे. आईने ते तोंडात टाकलं, तोंड वाकडं केलं आणि म्हणाली, "आंबट लावलंस."

गावातून बाहेर पडायला एक मोठा चढ आहे. आम्ही तिथपर्यंत पोचेस्तोवर बर्फ असा पडायला लागला की वायपरला दम लागला. वर एक ट्रक आडवा झाला होता आणि गाड्या घसरत मागे येत होत्या. पोलिसाने खिडकीत डोकं घालून सांगितलं, रस्ता बंद, घरी जा. मी गाडी वळवली. आई पदराने काच पुसत बाहेर बघत राहिली. मोहोर गळाल्यासारखं दिसतंय, म्हणाली.

घरी पोचल्यावर मात्र ती आत येईना. निघालेलं माणूस अर्ध्या वाटेतून परतलं तर सरळ घरात शिरायचं नसतं. ती दाराबाहेर बॅगेवर बसली, भर बर्फात.

"आई, अगं फ्रीझ होशील! आत ये!"

"आधी पाणी आण."

मी पाणी आणलं. ती ते दोन घोटांत प्यायली, क्षणभर थांबली, मग उजवं पाऊल आत टाकलं आणि हसायलाच लागली. "तुझं दही भलतंच पावलं गो. उंबरा ओलांडते न ओलांडते तोच परत आणलंन मला."

दुपारी वीज गेली. वीज नाही म्हणून बॉयलर बंद, बॉयलर बंद म्हणून हीटर बंद. वारा समुद्रावरून असा येत होता की खिडक्या वाजत होत्या. बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकणारा ट्रक कौन्सिलकडे बहुधा एकच असावा, आणि तो आमच्या गल्लीत येणार नव्हता. समुद्राकाठची ती ऐटबाज झाडं बर्फाच्या वजनाने झावळ्या खाली टाकून उभी होती. नवऱ्याचा फोन आला, "अगं, मी इथेच राहतोय. पुढच्या शिफ्टचं कुणीच पोचू शकलं नाहीये, सगळं केऑस आहे. आईंची फ्लाइट कॅन्सल झालीय, मी रीबुक करतो. त्यांना उबेत ठेव, ओके?"

मी फोन ठेवला आणि मला इतका आनंद झाला की काय सांगू. बाहेर अख्खा प्रांत अडकून पडला होता आणि माझ्या स्वयंपाकघरात माझी आई होती.

इतके महिने ती माझ्याकडे पाहुण्यासारखी वावरली होती. वॉशिंग मशीनचं बटण दाबू का, हा नळ कुठे फिरवायचा, ही खिडकी उघडली तर चालते का. प्रत्येक गोष्ट विचारून. मला त्याचा राग यायचा आणि वाईटही वाटायचं. पण वीज गेल्यावर घर तिच्या ओळखीचं झालं. देवापुढची काडेपेटी घेऊन तिने गॅस पेटवला. बाकीच्या खोल्यांची दारं लावून घेतली, गाद्या ओढून स्वयंपाकघरात आणायला लावल्या, एका जुन्या सुती साडीची वळकटी करून मागच्या दाराच्या फटीत दाबली. अंगात जावयाचा स्वेटर, पायात त्याचेच डोंगर चढायचे मोजे आणि वर नेसलेली साडी. ध्यान दिसत होती. मला हुकूम सोडत होती, हे आण, ते उचल, तिथे उभी राहू नको. किती वर्षांनी कुणीतरी मला असं कामाला लावत होतं.

खोबरेल तेलाची बाटली दगड झाली होती. तिने ती गरम पाण्यात उभी केली आणि मला पुढ्यात बसवून केसांना तेल लावलं. "केस किती गेले गो तुझे," एवढंच म्हणाली. मी खिडकीबाहेर बर्फ बघत बसले. वीज येऊ नये असं मला मनापासून वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या बाई गुडघाभर बर्फातून आल्या. एकट्या राहणाऱ्या, निवृत्त शिक्षिका. दुकानात ब्रेड नाही, दूध नाही, म्हणून आपल्याकडच्या दोन बाटल्यांतली एक आमच्यासाठी घेऊन. आईने त्यांना डबाभर गरम मुगाची खिचडी दिली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, तरी थंडीला नावं ठेवण्यात दोघींचं एकमत झालं.

दूध बघून आई म्हणाली, "आता विरजण हवं."

दही संपलं होतं. पण निघायच्या दिवशीची दह्याची वाटी मी धुतली नव्हती. माणूस घराबाहेर पडल्यावर लगेच आवराआवर करू नये, हे तिनेच शिकवलेलं. तळाशी बोटभर दही चिकटलेलं होतं. तिने ते खरवडून कोमट दुधात कालवलं. गुहागरला सकाळी लावलेलं दही दुपारपर्यंत आंबून जातं. इथे संध्याकाळी झाकण काढलं तर आत दूधच, थंडगार, जसंच्या तसं.

तेवढ्यात नवऱ्याचा फोन. उद्या रस्ता उघडणार, दुपारपर्यंत तो घरी पोचणार आणि तसाच आईला घेऊन निघणार. रात्रीच्या विमानाचं तिकीट मिळालं होतं.

आईचा चेहरा उजळला. ते मला लागलं, पण तिचं तरी काय चुकलं? तिकडे तिचं घर होतं, मोहोरलेली कलमं होती, तिला हाक मारणारी माणसं होती. ती लगेच कामाला लागली. दूध पुन्हा कोमट केलं, भांडं आपल्या शालीत गुंडाळलं, शेजारच्या बाईंकडून गरम पाण्याची रबरी पिशवी मागवली आणि ते सगळं बोचकं पांघरुणात आमच्या दोघींच्या मधे ठेवलं. "हलू नको गो. दही मोडेल."

मी लहान होते तेव्हा अशीच तिच्याशेजारी झोपायचे, आणि तेव्हाही ती हलू नको म्हणायची. मी पडून राहिले. ते दही लागू नये, असं मला वाटत होतं. दही नाही तर निघणं नाही, एवढा सोपा हिशेब. लग्न झालेल्या, केस पिकायला लागलेल्या बाईने असा विचार करावा, याचं हसूही येत होतं. पण हलले नाही. तिने सांगितलं होतं ना.

सकाळी आईने भांडं तिरकं केलं. दही जागचं हललं नाही. "लागलं," ती म्हणाली, आणि मला रडू फुटलं. दही लागलं म्हणून रडलेली मी जगात एकटीच असेन. आईने पदराने माझं नाक पुसलं, जोरात, पूर्वीसारखंच.

दुपारी नवरा आला. बॅगा गाडीत गेल्या. बर्फ वितळायला लागला होता आणि छपरावरून पाणी ठिबकत होतं. त्याच्या छोट्या गाडीत त्या दोन अवजड बॅगा आणि आई एवढंच मावणार होतं, त्यामुळे मी दारातूनच निरोप देणार होते. मी चमच्यात दही घेतलं आणि म्हटलं, "आई, हात पुढे कर."

तिने माझ्या हातातून चमचा काढून घेतला. "तू कर."

"अगं, निघालीयेस तू!"

"मी घरी चाललेय. घरी जाणाऱ्याला कुणी दही देतं का? बाहेर पडलेली तू आहेस. अजून परत आली नाहीस."

तिने माझ्या तळहातावर दही घातलं. ती "येते" म्हणाली, मोजे काढून माझ्या हातात दिले, चपला घातल्या आणि गाडीत जाऊन बसली. गाडी चढ चढून दिसेनाशी झाल्यावर मी ते दही खाल्लं. जराही आंबट नव्हतं.

या गोष्टीला काही वर्षं झाली. म्हटल्याप्रमाणे आई पुन्हा आली नाही. आम्ही सुट्टीत जातो, पंधरा दिवस राहतो, परत येतो. थंडी सुरू झाली की ती फोनवर विचारते, "बर्फ पडला का गो?" मी सांगते, आमच्या गावात नाही पडत. तिचं दही अजून पावायचंय.