रस्त्यावरची काळी नळी

लिंबायतमधल्या आमच्या घरासमोर एका सकाळी दोन माणसांनी रस्त्यावर काळी रबरी नळी आडवी टाकली आणि खिळे ठोकून बसवली. तिचं एक टोक विजेच्या खांबाला साखळीने बांधलेल्या लोखंडी पेटीत घातलं. मग कुणाला काही न सांगता ते निघून गेले. नळीवरून चाक गेलं की पेटीत टक्‌ असा आवाज व्हायचा.

पेटी गाड्या मोजते, एवढं सगळ्यांना कळलं. कशासाठी मोजते, ते कळेना. दुपारपर्यंत शेजारच्या काकूंनी ठरवून टाकलं, की रस्ता रुंद होणार. गाड्या जास्त भरल्या की घरांचे पुढचे भाग पाडणार. आमचा पुढचा भाग म्हणजे एकच खोली. आई तिथे साड्यांवर टिकल्या चिकटवायची, कारण उजेड तिथेच होता. मागच्या खोलीत दिवसाही दिवा लागायचा.

पेटीवर इंग्रजीत काही लिहिलेलं होतं आणि मी इंग्रजी शाळेत शिकलेली, म्हणून मला पेटीपुढे उभं केलं.

"काय लिखेल शे?" काकूंनी विचारलं.

"हात लावू नका," मी हळू आवाजात वाचलं.

"इतलंच? हाई तं आमनी बकरीलेबी समजस. तुना बापनी इतली फी भरी."

खाली आणखी एक ओळ होती. तिच्यातले शब्द मला वाचता येत होते, पण अर्थ लागत नव्हता.

बाबा रिक्षा चालवायचे. रिक्षावाल्यांनी मिळून ठरवलं, नळीवरून जायचंच नाही. नळीचं दुसरं टोक आणि आमचे ओटे यांच्यामध्ये मातीची पट्टी होती. रिक्षा तिथून जाऊ लागल्या. त्यांचं पाहून कापडाचे ताके भरलेले टेम्पोही. पेटी जवळजवळ मुकी झाली.

"पेटीला वाटेल, अर्धं लिंबायत आज घरीच बसलंय," बाबा खुशीत म्हणाले.

"आणि उरलेलं माझ्या ओट्यावर," आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी एका टेम्पोने ओट्याचा कोपरा उडवला. मी खिडकीतून पाहत होते. रस्ता आमच्या बाजूने रुंद होतच होता आणि तो आम्हीच करत होतो. हे बोलावं की नाही, मला ठरवता येईना.

ती माणसं नळी गुंडाळायला आली तेव्हा बाबांनी मला पुढे केलं. "इचार, इंग्रजीमा इचार." आमची खोली पाडणार का, असं मी इंग्रजीत विचारलं. त्यांतला मोठा गुजरातीत म्हणाला, "बेन, अमने तो पाइप लेवा मोकल्या छे." त्यांना फक्त नळी न्यायला पाठवलं होतं.

काही महिन्यांनी घराजवळच्या चौकात सिग्नल लागला. आमच्या रस्त्याचा हिरवा दिवा लागतो न लागतो तोच जायचा. समोरच्या रस्त्याचा मात्र बराच वेळ चालायचा. पेटीत आमच्या गाड्या कमी भरल्या म्हणून हे होतं का, हे आम्हाला कुणीच सांगितलं नाही. बाबांनीही तो विषय पुन्हा काढला नाही.

खोली राहिली. ती आम्ही वाचवली, की तिला धोका कधी नव्हताच, हे मला आजही सांगता येणार नाही. संध्याकाळी लाल दिव्यापाशी थांबलेल्या गाड्यांची रांग आमच्या दारापर्यंत यायची. तिच्यात बाबांची रिक्षा असली, की आई टिकल्या बाजूला ठेवून तुटक्या कोपऱ्यावरून त्यांना चहा द्यायची. तो पिऊन व्हायचा, कप परत यायचा, तरी रांग तिथेच असायची.